वर्गणीदारांची यादी

यंदाच्या अंकासाठी जाहिराती गोळा करताना एका जाहिरातदाराने पूर्ण पानाच्या दराला घासाघीस न करता होकार दिला. दिवाळी अंकाच्या संपादकाच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. मग अट आली: वर्गणीदारांची यादी हवी, मोबाइल क्रमांकांसह. आम्ही नाही म्हटले आणि पान गेले. त्या पानावर आता एका नव्या लेखिकेची कथा आहे, तेव्हा वाचकांचे काही बिघडले नाही.

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आपल्या या परंपरेचा संसार जाहिरातींच्या आधारानेच चालत आला आहे. त्यामुळे जाहिरातींना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण छापील जाहिरात आपल्याला दिसते, आपल्याकडे बघत नाही. पैठणीच्या जाहिरातीवर तुम्ही किती वेळ रेंगाळलात, वैचारिक लेख अर्धा टाकून राशिभविष्याकडे वळलात का (वळता असा आमचा जुना संशय आहे), हे आम्हालाही कळत नाही आणि पैठणीवाल्यालाही. तरी शंभराहून अधिक वर्षे त्याचा धंदा चालला आणि आमचाही. पाळत ठेवल्याशिवाय फुकट सेवा परवडत नाहीत, असे आज मोठमोठ्या कंपन्या शपथेवर सांगतात, तेव्हा हा इतिहास त्यांच्यापुढे ठेवावासा वाटतो.

फोनवर काय घडते? लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त पाहायला पंचांगाचे एखादे फुकट ॲप उघडले, असे धरा. तिथी दिसण्याआधीच तळाच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव पुकारला जातो. बोली लावणाऱ्या कंपन्यांना फोनचे मॉडेल, भाषा, साधारण ठावठिकाणा, कोणते ॲप उघडले आहे आणि त्या फोनचा जाहिरात-क्रमांक कळवला जातो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सौदा पटलेला असतो. चौकट एकालाच मिळते, माहिती मात्र हरलेल्या सगळ्यांच्याही हाती पडलेली असते. त्यांनी ती विसरून जावी अशी अपेक्षा असते. ते विसरले की नाही, हे पाहायला तिथे कोणी बसलेले नसते. जाहिरात-क्रमांकावर नाव नसल्याने माहिती निनावी आहे, असाही एक खुलासा दिला जातो. पण जो फोन रोज रात्री एकाच सोसायटीत आणि दिवसा एकाच शाळेच्या स्टाफरूममध्ये असतो, त्याच्या मालकिणीचे नाव काढायला गुप्तहेर लागत नाही.

पंचांगाचे उदाहरण उगाच घेतलेले नाही. २०२० साली अमेरिकेतल्या पत्रकारांनी उघड केले की, नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ या ॲपच्या वापरकर्त्यांचा ठावठिकाणा एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होता आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराची कामे घेणारे कंत्राटदार होते. वापरणाऱ्याला अस्रची नमाज कधी आहे एवढेच हवे होते. माणूस प्रार्थनास्थळी कधी गेला, दवाखान्यात कधी, अशी संवेदनशील माहिती विकायला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या कंपनीला बंदी केली, तोवर २०२४ उजाडले होते.

‘माझ्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’ असे आपल्याकडे अजून सहज म्हटले जाते. तोतया पोलिसांचा ‘डिजिटल अटके’चा फोन ज्या निवृत्त मास्तरांना आला, त्यांच्याकडेही लपवण्यासारखे काही नव्हते. पलीकडच्याला त्यांचे पूर्ण नाव, पत्ता आणि बँक आधीच ठाऊक होती, म्हणून तर त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला.

आपल्या देशात खासगीपणाचा हा प्रश्न न्यायालयात नेला तो ८६ वर्षांच्या एका गृहस्थांनी. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधारविरुद्ध याचिका केली. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असे सरकारने सुनावणीत ठासून सांगितले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले की, तो आहे. त्या नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूडही. आणीबाणीत नागरिकांचे हक्क गोठवणारा १९७६ चा जो निकाल या वेळी रद्दबातल ठरवला गेला, त्यावर चंद्रचूड यांच्या वडिलांची सही होती.

त्यानंतर न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा दिला आणि बऱ्याच काटछाटीनंतर २०२३ मध्ये कायदा झाला. कंपन्यांना अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, हे चांगलेच. पण केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली त्यातून वगळू शकते. शिवाय याच कायद्याने जाता जाता माहिती अधिकाराचे कलम बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे तपासावे लागे. आता ती वैयक्तिक आहे एवढे म्हटले की भागते. व्यापक जनहिताचे वेगळे कलम शिल्लक आहे असे सरकार सांगते, पण त्यासाठी भांडायचे ते अर्जदारानेच. आपल्या ज्या राज्यात माहितीच्या हक्कासाठी उपोषणे झाली, तिथे यावर फारसा आवाज उठला नाही. नागरिकाचा खासगीपणा जपायच्या कायद्यात अधिकाऱ्यांना आडोसा मिळाला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उरते ती संमती. चाळीस पानांच्या अटींखालचे ‘मान्य’ हे बटण दाबल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर त्याला संमती म्हणणे ही थट्टा आहे. ती थट्टा थांबवण्याचे काम एकट्यादुकट्याचे नाही, ते कायद्यानेच करायला हवे. तोवर हातात आहे तेवढे करू. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या भागात जाऊन जाहिरात-क्रमांक काढून टाकता येतो. टॉर्चच्या ॲपने फोनबुक मागितले तर नकार देता येतो.

आणि या दिवाळीच्या खरेदीत काउंटरवर ‘नंबर सांगा’ म्हटले की, ‘कशाला?’ एवढे जरूर विचारा. बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नका, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावले आहे. कोणी अडून बसलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.