कवी लिहितो कधी?

निफाडला आमच्याकडे वाचायला येणाऱ्या पटकथांमध्ये अलीकडे कवींची चरित्रे वाढली आहेत आणि त्यांत नामदेव ढसाळांचे नाव पुन्हा पुन्हा येते. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण बहुतेक मसुद्यांच्या पहिल्या दहा पानांत ग्लास असतो, कामाठीपुऱ्यातली गल्ली असते, पोलिसांची लाठी असते. वही येते ती मध्यंतरानंतर, तीही व्हॉइसओव्हरच्या सोयीसाठी.

‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा ढसाळ तेवीस वर्षांचे होते. पूर-कनेरसर सोडून मुंबईत आलेला, बाप खाटकाच्या दुकानात राबणारा, स्वतः टॅक्सी चालवणारा हा तरुण एवढी भाषा गोळा कुठून करत होता? लिहायला कधी बसत होता? लिहिलेले आधी कोणाला ऐकवत होता? पटकथेने पहिल्यांदा शोधायची ती ही उत्तरे. ती न शोधता थेट धुंदीकडे गेलेला चित्रपट कुठल्याही बेफाम माणसाचा होऊ शकतो, ढसाळांचा होत नाही.

हा साचा आपल्याकडे जुना आहे. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’मध्ये तो पक्का झाला. राजकमलचा चित्रपट, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, गदिमांची लेखणी, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. सोलापूरचा विद्वान घरातला ब्राह्मण तमाशाच्या फडात रमतो, दारूत बुडतो आणि मग सावरतो, असा तो आलेख. हिंदी आवृत्तीचे नाव तर ‘मतवाला शायर राम जोशी’. चित्रपट अफाट चालला आणि त्याच्या पाठोपाठ तमाशापटांची रांग लागली. त्यातल्या सवालजवाबांची ताकद आजही जाणवते, कारण तिथे कवी प्रत्यक्ष काम करताना दिसतो: समोर प्रतिस्पर्धी, भोवती प्रेक्षक आणि उत्तर जागच्या जागी जुळवायचे. पुढच्यांनी मात्र त्यातून पतन आणि पश्चात्ताप एवढाच आलेख उचलला. परदेशातही हेच दिसते. अमेरिकी कवी चार्ल्स बुकोवस्कीने ‘बारफ्लाय’ची पटकथा स्वतः लिहिली. प्रत्यक्षात त्याने टपाल खात्यात दहा वर्षांहून अधिक काळ नोकरी केली, पण त्या चित्रपटातल्या, त्याच्यावरच बेतलेल्या नायकाला नोकरीच नाही.

याउलट प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ पाहा. दामले-फत्तेलाल यांनी अभंगाला घरातले भांडण, शेताची राखण, जिजाईचा संताप यांच्यात रुजवले. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा गाणे प्रसंगातून उगवलेले वाटते. त्यातला एक अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांचा आहे. भल्याभल्यांना तो गाथेतलाच वाटला होता. गाथा पचवलेल्या माणसाच्या हातून हे घडले, हे लक्षात ठेवावे. ढसाळांच्या नावावर ‘तशाच’ ओळी बेतून पात्राच्या तोंडी घालणारे मसुदे आम्ही वाचले आहेत. कृपा करून तसे करू नका. मूळ कविता घ्या, थोडी घ्या, पण मूळच घ्या.

मग पडद्यावर दाखवायचे काय, असे पटकथाकार विचारतात. ‘गोलपिठा’च्या प्रस्तावनेतच एक अख्खे दृश्य पडून आहे. प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर गोलपिठ्याच्या वस्तीत फिरले, आणि कवितांतले जे शब्द कळले नाहीत ते त्यांनी कवीलाच विचारले. ‘गिधाडे’ लिहिणारा नामवंत नाटककार विद्यार्थी झाला आहे आणि पंचविशीही न गाठलेला टॅक्सीवाला त्याला अर्थ सांगतो आहे. मध्यमवर्गी वाचक आणि ती कविता यांच्यातले सगळे अंतर या दोघांच्या चालण्यात मावते. त्यासाठी ग्लास लागत नाही.

दुसरे पुस्तक ढसाळांच्या पत्नी मलिका अमरशेख यांचे, ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. बेफिकीर कवीच्या झिंगेला पडद्यावर तेज चढते आणि तिची किंमत मोजणारी बाई पार्श्वभूमीला उभी राहते. इथे ती बाई स्वतः कवी आहे, शाहीर अमर शेखांची लेक आहे आणि तिने आपले म्हणणे लिहून ठेवले आहे. हे पुस्तक न वाचता ढसाळांवर पटकथा लिहायला बसू नये, इतके स्पष्ट आमचे मत आहे. त्यातला प्रसंग घ्यायचा असेल तर परवानगी घ्या आणि तो तिच्या नजरेतून दाखवा.

परवानगीचा विषय निघालाच आहे. कवितेचा स्वामित्वहक्क कवीच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. ढसाळ २०१४ साली गेले, म्हणजे २०७४ अखेरपर्यंत. राम जोशींचे काव्य मुक्त आहे. सेन्सॉरचा भागही आधीच हिशोबात धरा. २०२५ मध्ये ‘चल हल्ला बोल’ या चित्रपटातल्या ढसाळांच्या कवितांवर आक्षेप आला, आणि ‘कोण नामदेव ढसाळ?’ असे विचारले गेल्याच्या बातमीने महाराष्ट्रभर संताप उसळला. संताप योग्यच होता. पण २०२१ मध्ये चित्रपटांचे अपिलीय न्यायाधिकरण बंद झाल्यापासून सेन्सॉर मंडळाच्या निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात जावे लागते, आणि छोट्या निर्मात्याला तो खर्च व वेळ झेपत नाही. कवितेचे शब्द पटकथेच्या टप्प्यावरच वकिलाला दाखवा. शब्द गाळण्यासाठी नव्हे, ते का हवेत याचे उत्तर तयार ठेवण्यासाठी.

आता आपल्या शेजारचे काम. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांचे आयुष्यही खडतर गेले. त्यात गरिबी होती, मोडलेला संसार होता, लेकीचा मृत्यू होता आणि अखंड भटकंती होती. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या माणसाने हजारो गीते रचली आणि गावोगावच्या भीमजयंतीत रात्र रात्र गायली. त्यांच्या चित्रपटाचा खरा ऐवज श्रोत्यांकडे आहे: गाणे कुठे थांबायचे, कोणते कडवे ऐन वेळी जोडले जायचे, लोक कशावर उठून उभे राहायचे. दादा २००४ साली गेले. ऐन तारुण्यात त्यांना ऐकलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, ओझर इथल्या वस्त्यांत कॅमेरा आणि चांगला माइक घेऊन बसायला पटकथा पूर्ण होण्याची वाट पाहू नका. जयंतीच्या कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेट कोणाच्या घरी असतील तर आम्हाला कळवा. त्या बुरशी लागण्याआधी उतरवून घ्यायच्या आहेत, आणि मूळ कॅसेट मालकाला परत मिळेल.