शब्दांची कुळकथा : सोसायटी

मालाडसारख्या उपनगरांत राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या घरीं एक इंग्रजी शब्द दिवसांतून दहा वेळां तरी उच्चारला जातो. “सोसायटीनें आज पाणी बंद ठेवलें आहे,” “सोसायटीची पावती आली,” “सोसायटीला सांगून पाहा,” अशीं वाक्यें आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या तोंडीं असतात. इतका घरोब्याचा झालेला हा पाहुणा मूळचा कोण व कोठला, याची चौकशी या महिन्यांत करावी असें आम्हीं योजिलें आहे.

शब्द एकच, पण स्थळ पालटलें कीं अर्थ पालटतो. मालाडांत सोसायटी म्हणजे राहती इमारत व तिचा कारभार. सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यास विचाराल, तर सोसायटी म्हणजे गांवची पीककर्ज देणारी सहकारी संस्था. पुण्यास १८८४ सालीं स्थापन झालेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी विद्यादानासाठीं, तर नामदार गोखल्यांनीं १९०५ सालीं काढलेली सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी देशसेवेसाठीं. मुंबईंत १८०४ सालीं लिटररी सोसायटी म्हणून जन्मलेली संस्था आज एशियाटिक सोसायटी या नांवानें विद्याव्यासंगाचें कार्य करीत आहे. शिवाय “हाय सोसायटी” म्हटलें कीं श्रीमंतांचें वर्तुळ डोळ्यांपुढें उभें राहतें, तें निराळेंच!

या साऱ्या अर्थांचें मूळ एकच आहे. लॅटिन भाषेंत “सोसिअस” म्हणजे सोबती. त्यावरून “सोसिएटास” म्हणजे सोबत, संगत, तसेंच भागीदारी. हा शब्द फ्रेंच भाषेच्या मार्गानें सोळाव्या शतकांत इंग्रजींत आला. एकमेकांची सोबत, एका हेतूनें जमलेली मंडळी, सारा मानवसमाज आणि प्रतिष्ठितांचा वर्ग, असे त्याचे अर्थ तेथें विस्तारत गेले.

पण कुळकथा येथें संपत नाहीं. भाषाशास्त्रज्ञ या “सोसिअस” चें नातें संस्कृतांतील “सच्”, म्हणजे साथ करणें, या धातूशीं जोडतात. आपला “सखा” त्याच कुळांतला आणि “सचिव” हाही त्याच कुळांतला; सचिव म्हणजे मुळांत सोबती, साहाय्य करणारा. उलट “सेक्रेटरी” हा शब्द गुप्त गोष्ट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला, म्हणजे गुपित राखणारा. सारांश, सोसायटीच्या कचेरींत बसणाऱ्या गृहस्थांस आपण मराठींत “सचिव” म्हणतों, तेव्हां त्यांस सोसायटीच्या सख्ख्या भावाचें नांव देतों. हिशेब गुपित ठेवणारा नव्हे, तर सभासदांस सोबत करणारा, हा त्या पदाचा शब्दसिद्ध अर्थ होय.

घरांच्या सोसायटीची कथाही जाणण्याजोगी आहे. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला व १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या सहकारी संस्थांसही वाट मोकळी झाली. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९१५ सालीं, श्रीपाद सुब्राव तल्माकी यांच्या पुढाकारानें मुंबईंत गावदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. मालाड मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलें तें १९५७ सालीं. पुढें येथेंही घरोघर ही पद्धति रुजली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमांत मूळ अट अशी होती कीं, संस्था काढण्यास निदान दहा व्यक्ति हव्यात आणि त्यांतील प्रत्येक व्यक्ति वेगवेगळ्या कुटुंबांतील हवी. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांनीं या अटीकडे अवश्य लक्ष द्यावें. एका घरचे दहाजण मिळून कुटुंब होतें. सोसायटी होत नाहीं. जेथें रक्ताचें नातें संपतें, तेथें सोसायटीचा आरंभ होतो.

म्हणूनच आरंभीं दिलेलीं तीं वाक्यें आम्हांस थोडीं खटकतात. “सोसायटीनें केलें” असें म्हणतांना ती जणू कोणी त्रयस्थ सरकार आहे, असा आपला सूर असतो. वस्तुतः बोलणारा स्वतःच सोसायटी असतो. हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. मालाडांतील कित्येक जुन्या इमारती आज पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. एका सभेच्या ठरावानें तळमजल्यावरच्या एकट्या वृद्ध बाईंस आपलें बिऱ्हाड पाठीवर घेऊन कांहीं वर्षें परक्या जागीं काढावीं लागतात. घर मोठें असो वा एका खोलीचें, कायद्यानें सभासदास मत एकच. परंतु त्या बाईंस ठरावाचा मसुदा कोणीं वाचून न दाखविला, तर तें मत असून नसल्यासारखेंच.

यासाठीं आमची विनंति एवढीच कीं, पुढील सर्वसाधारण सभेची सूचना दारावर चिकटेल तेव्हां ती घरांतील सर्वांनीं मिळून वाचावी. ज्यांच्या नांवें भागपत्र आहे, त्या वडीलधाऱ्यांस तींतील प्रत्येक विषय समजावून द्यावा, त्यांचा अभिप्राय ऐकावा आणि त्यांस हात धरून सभेस न्यावें. जातांना तळमजल्यावरील दारही ठोठवावें. सोबत करणें हाच या शब्दाचा पहिला अर्थ आहे.