जुनी गाडी आहे म्हणून काहीही ओतू नका

मंडळी, आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. आपल्या टिटवाळ्यात एक वाक्य सारखं ऐकू येतं, "जुनी गाडी आहे रे, घरात उरलंय ते टाक. ऑइल म्हणजे ऑइल." हे साफ चूक आहे, आणि याची किंमत आपणच मोजतो.

भातात रुंद पानाच्या तणाला आपण २,४-डी मारतो. तोच पंप न धुता भेंडीत नेला तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. औषध वाईट नव्हतं, जागा चुकली. ऑइलचंही तेच.

कारच्या साध्या गिअरबॉक्सचा क्लच कोरडा असतो, इंजिन ऑइल त्याला लागत नाही. आपल्या जुन्या स्प्लेंडरसारख्या फोर स्ट्रोक गाडीत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा, तिघांना एकच ऑइल. कारच्या काही पातळ ऑइलमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. ती प्लेटांना लागली की क्लच घसरतो. मागे भाजीची दोन पोती, पहाटे कल्याणची बाजार समिती गाठायची, आणि इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही. वाचवलेल्या डब्यापेक्षा प्लेटा आणि मजुरी महाग पडते, त्या दिवसाचा भाव गेला तो वेगळाच.

म्हणून डब्यावर आधी 'जासो एमए' किंवा 'एमए२' शोधा. ओल्या क्लचच्या गाड्यांसाठीचं ते जपानी मानक आहे. 'एमबी' लिहिलेलं स्कूटरचं, ते नको. ट्रॅक्टरच्या एखाद्या डिझेल ऑइलवर 'एमए' असेल आणि ग्रेडही जुळत असेल, तर माझं भांडण नाही. भांडण न वाचता ओतण्याशी आहे.

दुसरा फुकटचा सल्ला, "धूर मारते ना, मग जाड ऑइल टाक." झिजलेल्या रिंगा आणि वॉल्व्ह सील जाड ऑइलने भरून येत नाहीत. धूर थोडा कमी दिसेल, दुखणं तसंच राहील. गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० असेल तर तेच, २०डब्ल्यू-५० असेल तर ते.

तिसरा सल्ला महागड्या सिंथेटिकचा. ऑइल खाणाऱ्या इंजिनात ते घालणं म्हणजे पैसे जाळणं. जुन्या १०० सीसी हिरो होंडात कागदी फिल्टर नाही, जाळी आणि फिरता फिल्टर आहे. तिथे साधं पण योग्य ऑइल वेळेवर बदलणं जास्त कामाचं. अंगारकीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरवर तापणारं हवेवर थंड होणारं इंजिन ऑइल कमी असेल तर लवकर मरतं. दर आठवड्याला गाडी सरळ उभी करून पट्टी बघा.

आणि काळूचं पाणी गाडीत शिरलं, तर किक मारूच नका. पट्टीवर दुधी चहासारखं ऑइल दिसलं की ते आधी काढा.

काढलेलं काळं ऑइल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. ते नाला धरून काळूतच जातं, आणि काळूचंच पाणी आपण भाजीला देतो.

तणनाशकाचं लेबल वाचतो, तसं ऑइलच्या डब्याचंही वाचा. गाडी जुनी आहे, पण घर अजून तिच्यावरच चालतं.