गल्ला कोणाचा?

मंडळी, तुमचं पॅनकार्ड काढा आणि चौथं अक्षर बघा. 'पी' असेल. पी म्हणजे व्यक्ती. कंपनीच्या कार्डावर त्या जागी 'सी' असतो. आमच्या नांदुऱ्याच्या बाजारात दुकानाच्या पाटीवर देवाचं नाव असो की मुलाचं, मालक एकटा असेल तर कार्ड त्याचंच आणि अक्षर 'पी'च. कायद्याच्या लेखी दुकान आणि दुकानदार एकच.

माझ्या पुतण्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहायचं त्याच्या मनात आहे. म्हणतो, "काका, कंपनी केली की घराला धोका नाही." हे अर्धंच खरं. आज पावसानं दगा दिला, शेतकऱ्यांकडची उधारी अडकली, तर घेणेकरी त्याच्या घरापर्यंत येऊ शकतात. कंपनीत भागधारकाचं नुकसान त्याच्या भागांपुरतं. पण कर्ज देताना बँक बहुधा मालकाची वैयक्तिक हमी मागते. तिथे सही केली की त्या कर्जापुरतं घर पुन्हा उघड्यावर.

मला खरा फरक गल्ल्यात दिसतो. पोरीची फी भरायची तर आज तो गल्ल्यात हात घालतो. विचारणार कोण? कंपनी झाली की तो पैसा कंपनीचा. पगार म्हणून घ्या, लाभांश म्हणून घ्या, पण नोंद हवी. उलाढाल कितीही लहान असो, दरवर्षी ऑडिट आलंच. २०१३ च्या कायद्यानं एकट्याचीही कंपनी काढता येते, पण गल्ला तिथेही आपला नाही.

मग ही कटकट कशाला? किर्लोस्करांचं बघा. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ कारखाना, १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड'. लक्ष्मणराव १९५६ साली गेले, कंपनी आजही पंप बनवते. एकट्याच्या दुकानाचा मालक गेला, तर वारसाला जीएसटीची नोंदणीसुद्धा नव्यानं करावी लागते.

पुतण्याला म्हटलं, पाटी नंतर रंगव. आधी दुकानाचं बँकखातं वेगळं कर आणि वर्षभर स्वतःला ठरावीक पगार घे. (आम्ही मास्तर लोकांनी जन्मभर तेच केलं!) जमलं तर खुशाल कंपनी काढ. तो गप्प बसला. सूनबाई मात्र लगेच म्हणाल्या, "मामंजी, तो पगार एक तारखेला माझ्याच हातात द्यायला सांगा."