पांढरा ओटा कोणाच्या जिवावर?

स्वयंपाकघराचं काम काढलेली माणसं माझ्याकडे येतात ती मोबाइलमधले फोटो घेऊनच. पांढराशुभ्र संगमरवरी ओटा, त्यावर राखाडी शिरा आणि कोपऱ्यात हमखास लिंबांनी भरलेला वाडगा. तो वाडगा पाहून मला हसूच येतं, कारण संगमरवराला लिंबासारखा वैरी नाही.

नाशकात ओट्यांची कामं करता करता माझं मत पक्कं झालंय. संगमरवर वाईट नाही. त्याने कायम पांढरं राहावं हा हट्ट वाईट, आणि तो हट्ट पुरवावा लागतो ओटा पुसणारीला.

संगमरवर म्हणजे जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने रूप बदललेला चुनखडक, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की तो विरघळतो. मकराण्याचा घ्या, अंबाजीचा घ्या, नाहीतर इटलीहून आलेला महागडा घ्या, गुण तोच. मी गिऱ्हाइकासमोर लिंबू चिरते, एक फोड पॉलिश केलेल्या तुकड्यावर उपडी ठेवते आणि चहा टाकते. चहा होईस्तोवर फोडीखाली गोल उमटलेला असतो. पुसा, साबण लावा, जात नाही. तुकडा उजेडात तिरपा धरला की तेवढ्याच जागेची चकाकी गेलेली दिसते, बोटाला खरखरीत लागतं. तिथला थरच गेलेला असतो. पुन्हा पॉलिश करण्यावाचून इलाज नाही.

‘सीलर मारा, काही होत नाही,’ असं दुकानदार सांगतो. ते अर्धंच खरं. सीलरमुळे तेल, हळद आत मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात पुसून घेता येतं. आम्लापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. आणि आपल्या ओट्यावर चिंचेचा कोळ, आगळ, ताक, टोमॅटो यांतलं काही सांडत नाही असा दिवस दाखवा!

गंमत म्हणजे आईच्या पिढीचा कडाप्पाही चुनखडकच. त्यावरही लिंबाचे पांढुरके डाग पडायचे, पण त्यावरून कोणी कोणाला बोललं नाही. ओटा कामासाठी होता, पाहुण्यांना दाखवायला नव्हता.

माझ्या ओळखीतल्या एका घरी नव्या ओट्यावर हळदीचा ठसा उमटला. बाई मावशींवर चिडल्या. मावशींनी धास्तीने संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. फस्सकन फेस आला आणि वीतभर जागा खडूसारखी झाली. खरं तर हळदीला साधा उपाय आहे. खायचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा घट्ट लेप लावायचा, वरून प्लॅस्टिक चिकटवायचं, दुसऱ्या दिवशी ओलसर फडक्याने काढायचा. एकदोनदा केलं की डाग फिका पडतो. ताजमहालाचा पिवळेपणा काढायलाही पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचा लेपच लावतं. फक्त ताजमहालात रोज फोडणी होत नाही.

मग पांढरा क्वार्ट्झ बसवावा का? लिंबाला तो दाद देत नाही. गरम कढई मात्र थेट ठेवायची नाही, त्यातली राळ करपते. पण या कृत्रिम दगडात सिलिका प्रचंड. तो कोरडा कापला की धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाते. सिलिकोसिसच्या भीतीने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिका कमी, पण असतेच. म्हणून दगड कोणताही असो, पाणी सोडूनच कापायचा, हे मिस्त्रीला बजावा.

माझा सल्ला विचाराल तर सिंक आणि गॅसजवळ ग्रॅनाइटच बसवा. संगमरवराची हौस असेल तर दोनेक फूट तुकडा सिंकपासून लांब लावा. तो स्पर्शाला गार असतो, वड्या थापायला आणि पोळ्या लाटायला झकास. पॉलिशऐवजी मॅट घ्या, आम्लाचे डाग कमी उठून दिसतात. व्हिनेगर, लिंबाचं लिक्विड, अ‍ॅसिड त्याच्या जवळही नेऊ नका. साधं सौम्य साबणपाणी पुरतं. अधूनमधून पाण्याचे थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला तर सीलर मारायची वेळ झाली.

आणि संपूर्ण ओटाच पांढरा हवा असेल तर स्लॅब ठरवण्याआधी नमुन्याचा तुकडा घरी आणून आठवडाभर सिंकशेजारी ठेवा. त्यावर रोजचा स्वयंपाक होऊ द्या. मग घरात ओटा पुसणारं जे कोणी असेल, आई, सून, नवरा किंवा कामाला येणाऱ्या मावशी, त्यांना विचारा. ते ‘नको’ म्हणाले तर विषय तिथेच संपवा. ‘चालेल’ म्हणाले, तर पहिला डाग पडेल त्या दिवशी त्यांना एक शब्दही बोलायचा नाही, एवढं आधीच ठरवून आगाऊ रक्कम द्या.