दिव्याखालची गावे

दिवाळीच्या अंकात अंधाराविषयी बोलू नये, असा संकेत आहे. पण ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी समईकडे बघून केली असली, तरी विजेच्या दिव्याला ती अधिक लागू पडते. समईचा अंधार बिचारा पाटापुरता. तो निदान डोळ्यांसमोर तरी असतो. विजेच्या दिव्याचा अंधार कुठे तरी दूर डोंगरात पडलेला असतो, आणि बटण दाबणाऱ्याला तो कधी दिसतच नाही.

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे पावसाळ्यात पुष्कळ मंडळी जातात. वाटेत मुळशीचे धरण लागते. मोटार कडेला थांबते, भाजलेली कणसे घेतली जातात, त्या विस्तीर्ण पाण्याकडे पाठ करून सगळे कुटुंब छायाचित्र काढून घेते, आणि गाडी पुढे निघते. ‘काय सुंदर तलाव आहे, नाही?’ असे गृहिणी म्हणते, आणि ते खरेच असते. मात्र या तलावाच्या तळाशी कोणाची घरे होती, असे मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, तर किती वडीलधाऱ्यांना उत्तर देता येईल?

तर ती हकीगत अशी. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ बांध घालायचा, अडवलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे न्यायचे, सह्याद्रीवरून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडायचे, आणि त्या धबधब्याच्या जोरावर मुंबईसाठी वीज काढायची, अशी टाटा पॉवर कंपनीची योजना होती. योजनेत वाईट काय होते? काहीच नाही. मुंबईच्या गिरण्यांना लागणारा कोळसा दूरच्या खाणींतून येई, त्याचा खर्च मोठा आणि धूर त्याहून मोठा. सह्याद्रीवर पडणारा पाऊस मात्र घराजवळचा. शिवाय कंपनी देशी, भांडवल देशी. स्वदेशीच्या त्या दिवसांत याहून चांगले काय हवे होते?

अडचण एवढीच होती, की त्या खोऱ्यात माणसे राहत होती. गावे पन्नासच्या आसपास, माणसे सुमारे अकरा हजार. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे हे वंशज. आपल्या ताटात ज्याचा घमघमाट सुटतो, तो आंबेमोहोर तांदूळ त्यांच्या भातखाचरांत पिके. या माणसांना कोणी काही विचारले नाही. जमीन ताब्यात घेण्याआधीच त्यांच्या शेतांत चाचणीचे चर खणले गेले. एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तेव्हा साहेबाने त्याच्यावर पिस्तूल रोखले, असे सांगतात. आणि कायदा? 1894 चा भूसंपादनाचा कायदा होताच. सार्वजनिक हिताच्या नावाखाली खाजगी कंपनीसाठीही जमीन घेण्याची सोय त्यात होती. सार्वजनिक हित कशात आहे हे ठरवायचे सरकारने, आणि त्यासाठी घर सोडायचे मावळ्यांनी!

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे आणि त्यांचे पुढारी धरणाच्या जागेवर जाऊन बसले. धरणाच्या जागी धरणे! विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून माणसे उभी केली होती. पुढे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे नेते झाले, आणि लोकांनी त्यांना ‘सेनापती’ म्हटले ते इथेच. ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा होती. बायकाही मागे राहिल्या नाहीत, त्यांनीही तुरुंग पाहिला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून सहानुभूती दाखवली. काही काळ काम थांबलेही. धरणाविरुद्ध एवढा संघटित लढा जगात त्याआधी झाला नव्हता, असे अभ्यासक म्हणतात.

पण लढा फसला. का फसला, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. कंपनी बलाढ्य होती, सरकार तिच्या बाजूला होते, हे तर खरेच. पण खोऱ्याची एकजूट आतूनही फुटली होती. यातल्या पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेलेल्या किंवा गहाण पडलेल्या होत्या, आणि हे सावकार बहुतांशी पुण्याचे. कुळाला जमीन म्हणजे अन्न, घर, कुलदैवत आणि पूर्वजांची माती. सावकाराला जमीन म्हणजे वहीतली एक रक्कम. मोबदल्याचा आकडा वाढला, तेव्हा सावकाराचा प्रश्न सुटला. कुळाचा प्रश्न होता तसाच राहिला, आणि आता त्याच्या बाजूने बोलणारे थोडे उरले. बापटांनी अखेरपर्यंत झुंज दिली. 1924 च्या डिसेंबरात त्यांनी कंपनीची गाडी अडवली, गोळ्याही झाडल्या, आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. लढा तिथे संपला. 1927 मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. मुंबई उजळली आणि मुळशीची माणसे पांगली. कोणी डोंगराच्या वरच्या अंगाला सरकले, कोणी शहराकडे मजुरीला आले. ‘पुनर्वसन’ हा शब्द तेव्हाच्या कायद्याला ठाऊकच नव्हता.

आमचे एक स्नेही वीजखात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना हे सगळे ऐकवले, तेव्हा ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “मग काय, अंधारात बसायचे होते का मुंबईने? तुमचा हा लेख तरी तुम्ही कंदिलाच्या उजेडात लिहिणार आहात?” प्रश्न रोखठोक आहे, आणि तो हसून टाळण्यासारखा नाही. नाही, अंधारात बसायचे नव्हते. वीज हवीच होती. पण त्यांना मी दुसरा प्रश्न विचारला. “तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे काय झाले हो?”

बस, एवढे विचारायचा अवकाश! गेली चार वर्षे सभा चालू आहेत. नव्या घराचे क्षेत्रफळ किती वाढवून मिळणार, काम पुरे होईपर्यंतचे भाडे कोण देणार, बिल्डरने मध्येच हात वर केले तर हमी काय, तळमजल्यावरच्या आजींना लिफ्टशिवाय तात्पुरते घर कुठे द्यायचे, यावर तिथे तासन् तास वाद होतात. वकील आहेत, वास्तुविशारद आहेत, इतिवृत्त आहे, मतदान आहे. आणि हे सगळे योग्यच आहे. आपले घर सोडण्यापूर्वी माणसाने चार प्रश्न विचारू नयेत, तर कधी विचारावेत? मग जे प्रश्न आपण दोन खोल्यांसाठी विचारतो, तेच मावळ्याने साऱ्या खोऱ्यासाठी विचारले, तर तो प्रगतीचा शत्रू कसा ठरतो? स्नेही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे मात्र कोणी आम्हाला कधी सांगितले नाही.”

मुळशीची गोष्ट जुनी झाली, असे कोणी म्हणेल. पण कोयनेचे बघा. त्या धरणाने महाराष्ट्राचे कारखाने आणि संसार उजळले. तिथली माणसे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली, आणि आपल्या हक्काच्या जमिनीसाठी त्यांची मुले आणि नातवंडे पुढे कित्येक दशके अर्ज करीत आणि ठिय्या देत राहिली. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले मणिबेली गेले. प्रत्येक वेळी वाद तोच असतो. लाभ होतो तो एकाला, किंमत मोजतो तो दुसरा, आणि हिशेब मांडतो तो तिसरा.

मात्र काहीच बदलले नाही, असेही नाही. 1976 साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, तो धरणग्रस्तांच्या चळवळीच्या रेट्यामुळे. आणि 1894 चा तो जुना कायदा गेला. 2013 चा नवा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल, तर ज्यांची जमीन जाणार त्यांच्यापैकी निदान 80 टक्क्यांची संमती हवी, असे तो सांगतो. जमिनीवर राबणाऱ्या पण मालकी नसणाऱ्यांचाही विचार करायला लावतो. म्हणजे 1921 साली मावळ्यांनी जे मागितले, ते कायद्याच्या पुस्तकात यायला नव्वदहून अधिक वर्षे लागली. पुस्तकातून ते गावात पोचायला किती लागतील, हे आपल्यासारख्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या आणि मत देणाऱ्या माणसांवर बरेच अवलंबून आहे.

कारण या भांडणात आपण बघे नाही. पुण्याचे सावकार जसे त्यात होते, तसेच आपणही आहोत. आपल्या वीजबिलात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, वीज शुल्क असते. ज्याचे घर पाण्याखाली गेले, त्याच्या नावाचा रकाना त्यात नसतो. तो रकाना निदान मनात तरी असावा. उद्या एखाद्या रस्त्यासाठी, धरणासाठी, विमानतळासाठी कुठले गाव उठणार अशी बातमी आली, की ‘मूठभर लोक विकास अडवताहेत’ असे म्हणण्यापूर्वी आपल्या सोसायटीची सभा आठवावी, आणि त्यांना विचारले होते का, एवढे तरी विचारावे.

बाकी दिवे लावावेत, फराळ करावा, मुलांना घेऊन मुळशीलाही जावे. फक्त तिथे कणीस खाता खाता त्यांना ही हकीगत सांगावी. दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा!