मोबाइल, मनोरा आणि श्रवणयंत्र

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीत मोबाइलचा मनोरा उभा राहणार अशी वार्ता पसरली आणि दोनच दिवसांत निषेधाचे निवेदन माझ्या दवाखान्यात येऊन पोहोचले. बालरोगतज्ज्ञाची स्वाक्षरी असल्यास वजन येईल, असा शेजाऱ्यांचा आग्रह होता. मी ती केली नाही. काही मंडळी अद्याप नाराज आहेत.

माझी भूमिका थोडक्यात सांगतो. मोबाइलच्या रेडिओलहरी क्ष-किरणांप्रमाणे अणूंमधील इलेक्ट्रॉन उडवीत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे किंचित तापणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात घातले, हे खरे. परंतु त्याच गटात पारंपरिक आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही आहेत (कैरीच्या लोणच्याने कुणी घाबरू नये). २०२४ मध्ये त्याच संघटनेसाठी झालेल्या विस्तृत आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली गेली, आणि हँडसेटसाठी एक ग्रॅम ऊतीमागे किलोला १.६ वॅट ही मर्यादा ठरली. शिवाय मनोरा जितका दूर, तितका हातातला फोन अधिक जोर लावतो. मनोरा हटवून आपण लहरींचा उगम कानाशी आणतो, हे निवेदनकर्त्यांच्या गावीही नव्हते.

या लहरींमुळे प्रत्यक्ष अडलेले मूल मात्र मी पाहिले आहे, आणि त्याविषयी आजवर एकाही पालकाने मला निवेदन दिलेले नाही.

२००७ सालची गोष्ट. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे येत असे. दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रे, बोलणे हळूहळू उमलत होते. वडील गोव्यात ट्रक चालवीत. महिन्यातून एकदा घरी येत, एरवी फोन. “डॉक्टर, बाबांचा फोन कानाला लावला की टाकून देते बघा. ते तिकडे रडकुंडीला येतात,” असे आईने सांगितले. मी ‘वय आहे, सुधारेल’ असे म्हणून पुढचा रुग्ण बोलावला. हे माझे चुकले.

चूक ध्यानात आणून दिली ती आमच्या श्रवणतज्ज्ञ भगिनींनी. तिच्या यंत्राला स्टेथोस्कोपसारखी नळी जोडून त्यांनी ती माझ्या कानात घातली आणि शेजारी चालू मोबाइल धरला. भुंगा डबीत कोंडावा तशी घरघर! जीएसएम फोन अखंड लहरी सोडत नाही. सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांनी सोडतो. श्रवणयंत्रातील तारा व ॲम्प्लिफायर ते झटके पकडतात आणि मुलाला आवाज म्हणून ऐकवतात. डोंगराळ खानापुरात सिग्नल क्षीण, म्हणून फोनचा जोर अधिक आणि घरघरही अधिक. ती पोर हट्टी नव्हती. वडिलांच्या जागी तिला भुंगा ऐकू येत होता.

अमेरिकेत १९८८ च्या श्रवणयंत्र-अनुरूपता कायद्यातून मोबाइल वगळले होते. २००३ मध्ये ती सवलत काढण्यात आली. मग हँडसेटना ‘एम-३’, ‘टी-३’ अशा श्रेणी मिळू लागल्या: एम मायक्रोफोनसाठी, टी यंत्रातील टेलिकॉइलसाठी. नव्या मानकात श्रेणी जाऊन केवळ पात्र-अपात्र राहिले, आणि २०२४ मध्ये तेथे सर्वच नवी मॉडेल्स अनुरूप असावीत असे ठरले. आपल्याकडे *#०७# दाबले की उत्सर्जनाचा आकडा पडद्यावर येतो. श्रवणयंत्राशी जुळण्याचा उल्लेख मात्र मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर नव्हता. भीतीचा आकडा दाखवायचा आणि उपयोगाचा लपवायचा, ही रीत मला पटत नाही.

४जीवरील संभाषणात ही घरघर पुष्कळ कमी झाली आहे. ब्लूटूथची यंत्रेही आली. पण ती ज्यांना परवडतात त्यांची चिंता मला नाही. स्वस्त यंत्र आणि २जीचा साधा फोन अशी जोडी आजही आपल्या खेड्यांतून येते. अशा पालकांना आपण एवढे तरी सांगू शकतो: फोन कानाच्या छिद्राशी नव्हे, तर कानामागील यंत्राच्या मायक्रोफोनपाशी तिरका धरा, यंत्रात टेलिकॉइल असल्यास ते लावून पाहा, आणि मुलाच्या कानात यंत्र असतानाच, दुकानात बोलून बघून मग फोन विकत घ्या.

त्या मुलीला आम्ही टेलिकॉइल असलेले यंत्र मिळवून दिले, पण तोवर वर्ष उलटले होते. आज ती चोविशीची आहे. वडिलांशी ती अजूनही संदेश लिहूनच बोलते. फोनची तिला सवय अशी लागलीच नाही.

आपल्या संस्थेच्या पुढील श्रवणयंत्र-वाटप शिबिरात टेबलावर एक साधा बटणांचा मोबाइल ठेवावा आणि यंत्र बसविल्यावर प्रत्येक मुलाला त्यावरून शेजारच्या खोलीतील आईशी बोलायला लावावे, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. मोबाइल मी आणीन.